इंदुरात वेब डेव्हलपमेंट शिकताय? पहिली साइट मराठीत करून बघा

इंदुरातल्या मराठी घरांतली बरीच मुलंमुली सध्या एकच प्रश्न घेऊन येतात: "दादा, वेब डेव्हलपमेंट शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" कुणी भंवरकुआँला क्लास लावलाय, कुणी बीकॉम करून वाट बदलतंय. एक ताई तर मुलगा मोठा झाल्यावर बारा वर्षांनी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसल्यात. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगत आलो, ते इथे सलग लिहितो.

पहिली साइट खऱ्या माणसांसाठी करा आणि ती मराठीत करा. मला पहिली नोकरी लागली ती आमच्या भागातल्या गणेशोत्सव मंडळाच्या साइटमुळे. मुलाखतीतला निम्मा वेळ आम्ही त्या साइटवर काय बिघडलं आणि ते कसं दुरुस्त केलं, यावरच बोललो.

१. आधी गिऱ्हाईक शोधा, कोड नंतर

टू-डू लिस्ट, कॅल्क्युलेटर आणि हवामान दाखवणारं ॲप. आता मी स्वतः मुलाखती घेतो, तेव्हा दहातल्या आठ जणांकडे हेच तीन प्रकल्प असतात. त्यात चूक काही नाही, पण त्यांच्यावर कुणी कधी तक्रार केलेली नसते, आणि तक्रारीशिवाय हे काम शिकता येत नाही.

तुमच्या आजूबाजूला बघा. गणेश मंडळ असेल, दिवाळीचा फराळ घरून विकणाऱ्या काकू असतील, जुन्या पुस्तकांनी भरलेलं वाचनालय असेल. त्यांच्याकडे जाऊन "साइट करून देऊ का?" असं विचारू नका. "लोक तुम्हाला फोन करून सारखं काय विचारतात?" असं विचारा. मंडळाच्या सचिवांनी मला तीन गोष्टी सांगितल्या: आरती किती वाजता, वर्गणी कुठे भरायची, महाप्रसाद कधी. तेच आमचं पहिलं पान झालं.

सगळा मजकूर आधी हातात घ्या. तो मिळेपर्यंत कोडची एक ओळही लिहू नका. "तुम्ही साइट तर करा, मजकूर मागाहून देतो" हे वाक्य ऐकलंत की समजा, साइट सहा महिने रखडणार.

२. लागणारं सामान

- लॅपटॉप: ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं पुरे. झेपत असेल तर १६ जीबी. जुना घेतला तरी चालेल, फक्त बॅटरी आणि कीबोर्ड नीट तपासून घ्या.
- कोड लिहायला व्हीएस कोड. फुकट आहे.
- गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि गिटहबवर (तो कोड ऑनलाइन ठेवायची जागा) खातं. खात्याचं नाव विचारपूर्वक ठेवा, पुढे ते रेझ्युमेवर जातं.
- क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्ही.
- मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा.
- घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन. तो कशाला, ते पुढे कळेल.

शिकण्यासाठी एमडीएन, फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट या तीन जागा पहिल्या वर्षाला भरपूर होतात, आणि तिन्ही फुकट आहेत. एमडीएन संदर्भासाठी, बाकीच्या दोन क्रमाने शिकण्यासाठी. त्या दोनपैकी एकच क्रम धरा आणि तो संपवा. चार ठिकाणी अर्धं-अर्धं शिकणारी मुलं मी खूप पाहिली आहेत.

क्लास लावायचा असेल तर जरूर लावा, बरोबरीने शिकणारं कुणी असलं की हुरूप राहतो. पण "नोकरीची हमी" या शब्दांवर मोठी रक्कम एकदम भरू नका. आधीच्या तुकडीतल्या दोन-तीन मुलांना स्वतः भेटा आणि त्यांनी केलेलं काम बघा.

३. पाया: एचटीएमएल, सीएसएस, मग जावास्क्रिप्ट

इथे फार लिहीत नाही, सगळीकडे हेच सांगतात. एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएसला (त्याचं रूप) महिना-दीड महिना, जावास्क्रिप्टला (पानाची हालचाल) तीन महिने. रिॲक्ट (जावास्क्रिप्टवरचं तयार साधन) त्यानंतर. नोकरीच्या जाहिरातींत रिॲक्टचं नाव दिसतं म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि साधा फॉर्म बिघडला की अडकून बसतात.

४. देवनागरीचे खाचखळगे

जे मला कुठल्याही क्लासने शिकवलं नाही, ते हे. सावकाश वाचा.

पानाच्या डोक्यात दोन गोष्टी हव्यातच. एक, अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे ती साठवायची पद्धत, यूटीएफ-८ असल्याची सूचना. दोन, एचटीएमएल टॅगवर भाषेचा गुणधर्म, म्हणजे मराठीचा दोन अक्षरी कोड 'एमआर'. दुसरी गोष्ट लोक विसरतात, किंवा नमुन्यातला इंग्रजीचा कोड तसाच राहू देतात. मग अंधांसाठीचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच उच्चारात वाचू लागतो. शिवाय ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि भाषेचा कोड बघून ब्राउझर त्यातलं योग्य ते निवडतो. मंडळातल्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी "हा ल आपला नाही" म्हणून बोट ठेवलं होतं. फाँटसाठी नोटो सॅन्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी घ्या. टिरोची मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी तीन वेगळी रूपं आहेत, त्यामुळे मराठीचंच निवडलंय ना, ते बघा.

सीएसएसमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवणारा लेटर-स्पेसिंग हा गुणधर्म देवनागरीवर लावू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. इंग्रजीसाठी तयार केलेल्या बहुतेक थीममध्ये मथळ्यांना तो लावलेलाच असतो, शोधून शून्य करा. ओळींतलं अंतर मात्र वाढवा. इंग्रजीला दीडपट पुरतं, आपल्याला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं असल्यामुळे १.७ पर्यंत न्यावं लागतं. बटणांवर 'वर्गणी'चा रफार वरून कापला जात नाही ना, तेवढं बघा.

मंडळाच्या जुन्या फायली उघडल्या की खरा धडा सुरू होतो. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं कृतिदेवमध्ये टाइप होत आलंय, मराठी छपाईवाल्यांकडे इतर जुने फाँट. त्या फायलीतला मजकूर उचलून साइटवर चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण आत खरोखर रोमन अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरी चित्र चढवलेलं असतं. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) बदलता येतं, पण नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

आता 'ऱ्य'. आमच्या साइटवर महाप्रसादानंतर आभाराचा मजकूर लावला होता, त्यात "आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार" असं हवं होतं. साइटवर गेलं "आचार्यांचे". रात्रभर कढईपाशी उभं राहून दोन हजार पानं वाढणाऱ्या माणसांचे आभार राहूनच गेले, आणि मला ते फार लागलं. साध्या र ला हलन्त देऊन य जोडला की 'र्य' होतो. 'ऱ्य'साठी ऱ हे वेगळं अक्षर लागतं. इनस्क्रिप्टमध्ये र ची कळ शिफ्टसह दाबली की ते मिळतं. दर्या आणि दऱ्या, आचार्य आणि आचारी, दोन्ही जोड्या पाठ करून ठेवा.

'ॲ'ची गंमत वेगळी. 'ॲप' दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक म्हणजे ॲ हे स्वतंत्र अक्षर, दुसरं म्हणजे अ, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. वाचनालयाच्या यादीत "ॲडव्होकेट" शोधलं आणि निम्मीच नावं आली, तर कारण हेच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (सारखी रूपं एक करायची पद्धत) या दोघांना एक करत नाही. शोधण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलणारी छोटी फंक्शन (एक काम करणारा कोडचा तुकडा) स्वतःच लिहावी लागते.

मोजणीही फसवते. 'स्त्री' आपल्यासाठी एक अक्षर आहे, जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती ६ सांगते. म्हणून "पहिली पन्नास अक्षरं दाखवा आणि पुढे टिंबं द्या" असा कोड मराठीवर चालवला की एखादा शब्द लटकत्या हलन्तावर तुटतो. इंटल सेगमेंटर (जावास्क्रिप्टमधली अक्षरं नीट तोडणारी सोय) वापरा, किंवा सरळ शब्दाच्या सीमेवर कापा.

अंकांमुळे एक संपूर्ण संध्याकाळ गेली. वर्गणीच्या फॉर्ममध्ये एका काकांनी "५०१" देवनागरीत भरलं. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत, ती 'संख्या नाही' असं उत्तर देते. फोन नंबर तपासणाऱ्या नियमातलं अंकाचं चिन्हही देवनागरी अंक ओळखत नाही. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये '०' चा क्रमांक २४०६, तिथून '९' पर्यंत सगळे ओळीने आहेत. क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. ही पाच ओळींची फंक्शन लिहा, पण लोकांना "कृपया इंग्रजी अंक वापरा" असं सांगू नका. त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही.

नावांची यादी लावताना नुसता सॉर्ट केला तर क्षीरसागर क च्या रांगेत येतात, आणि ळ हा ल च्या पाठोपाठ. आपल्या नोंदवह्यांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी असतात. क्रम लावताना मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) द्या, आणि मग वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरशी ताडून बघा. ग्रंथपाल बाईंचं समाधान होईपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका.

आणखी दोन बारीक गोष्टी. मायएसक्यूएल या माहिती साठवायच्या प्रणालीत डेटाबेसचं एन्कोडिंग यूटीएफ८एमबी४ ठेवा. जुन्या 'यूटीएफ८' मध्ये मराठी बसतं, पण कुणी अभिप्रायात हात जोडल्याचं इमोजी टाकलं की अडतं. आणि खजिनदारांना एक्सेलमध्ये उघडायला सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) देणार असाल तर तिच्या सुरुवातीला बीओएम हे एन्कोडिंग सांगणारं चिन्ह घाला, नाहीतर सगळी नावं वेडीवाकडी दिसतात आणि खजिनदार घाबरून फोन करतात.

५. साइट लोकांपर्यंत पोहोचवा

छोट्या, माहितीपुरत्या साइटला पैसे देऊन होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घ्यायची गरज नाही. गिटहब पेजेसवर ती फुकट चालते आणि एचटीटीपीएसही (सुरक्षित जोडणी) मिळतं. फुकट खात्यात त्यासाठी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फायलींची जागा) सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणून पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या (बाहेरच्या सेवा वापरायचे गुप्त कोड), वर्गणीदारांचे फोन नंबर असं काहीही तिच्यात जाता कामा नये. एकदा गेलं आणि मग फाइल खोडली, तरी गिटच्या इतिहासात ते राहतं. किल्ली चुकून गेलीच तर ती लगेच रद्द करून नवी काढा.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र विकत घ्यावं लागतं. डॉट इन स्वस्त पडतं. देवनागरीतलं डॉट भारतही २०१४पासून मिळतं, पण फोनवर सांगायला आणि टाइप करायला लोकांना अजून जड जातं, म्हणून ते जोडीला घ्या, एकटं नको.

डोमेन मंडळाच्या स्वतःच्या ईमेलवर घ्या. तुमच्या नाही, डिझायनरच्या नाही. आमच्याआधी मंडळाची एक साइट होती, ती एका ओळखीच्या माणसाने स्वतःच्या खात्यावर डोमेन घेऊन केली होती. ते गृहस्थ दुसऱ्या शहरात गेले, मुदत संपली आणि नाव हातचं गेलं. मागच्या वर्षीच्या पत्रिकांवर तोच पत्ता छापलेला होता. खात्याचा पासवर्ड, मुदतीची तारीख आणि नूतनीकरणाचा खर्च एका कागदावर लिहा आणि तो सचिवांच्या फाइलमध्ये लावा.

६. जुना फोन काढा

साइट तुमच्या लॅपटॉपवर छान दिसते, हा पुरावा नव्हे. मंडळाची साइट बघणारे जवळजवळ सगळे फोनवरून बघतात, आणि आरतीच्या वेळी गर्दीत नेटवर्क मंदावलेलं असतं. फोनने काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे चाळीस फोटो तसेच लावले तर पान उघडतच नाही. रुंदी बाराशे पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या हलक्या चित्रप्रकारात बदला, आणि खालचे फोटो दिसायची वेळ आली की मगच उतरतील असं करा. क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणीच्या साधनाने तपासून घ्या, पण शेवटची परीक्षा त्या जुन्या फोनवरच.

आजीच्या हातात फोन द्या आणि "आरतीची वेळ शोध" एवढंच सांगा. तुम्ही बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ती कुठे थांबते ते लिहून घ्या. युजर टेस्टिंग म्हणतात ते हेच.

७. नोकरीचे कागद आणि सापळे

इंदुरात काम आहे. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस आहेत, विजय नगरच्या बाजूला लहान-मध्यम कंपन्या खूप आहेत. पहिली नोकरी लहान कंपनीत मिळाली तर कमीपणा मानू नका, तिथे सगळ्या प्रकारचं काम हातून जातं.

रुजू होताना हे कागद तयार ठेवा:

- दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र
- आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- आधी नोकरी असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, रिलीव्हिंग लेटर (नोकरी सोडल्याचं पत्र) आणि पीएफचा यूएएन क्रमांक

आपल्या मराठी मुलांची खास अडचण म्हणजे नाव. घरी नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं लिहायची पद्धत, शाळेत बहुतेकदा नुसतं नाव-आडनाव. मग आधारवर तीन शब्द, गुणपत्रिकेवर दोन, आणि आडनावाचं रोमन स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. पीएफचं खातं जुळवताना हे अडतं. नोकरी लागायच्या आधीच आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या, नंतर सुट्टी काढून रांगेत उभं राहावं लागतं.

नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, मग नाव प्रशिक्षण शुल्क असो, डिपॉझिट असो की लॅपटॉपचा खर्च, तिथून उठून या. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. माझ्या एका मित्राच्या मूळ गुणपत्रिका एका ठिकाणी दोन वर्षं अडकून होत्या, त्या काळात त्याच्या हातून दोन चांगल्या संधी गेल्या. बाँडवर (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) सही करायची वेळ आली तर रक्कम, कालावधी आणि कोणत्या परिस्थितीत तो लागू होतो हे घरी आणून वाचा, घरातल्या मोठ्यांनाही वाचायला द्या.

पगाराचा आकडा ऐकताना "हातात किती?" हे विचारायला संकोचू नका. सीटीसीमध्ये (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, तुमच्या मूळ पगारातून १२ टक्के पीएफ कापला जातो, आणि मध्य प्रदेशात व्यवसाय करही आहे. तो वर्षाला २५०० रुपयांच्या वर जात नाही.

८. रोजचं काम कसं असतं

नवा कोड लिहिणं हा दिवसाचा लहान भाग. बाकीचा वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, का चालत नाही ते शोधण्यात आणि माणसांशी बोलण्यात जातो. अडलात तर अर्धा तास स्वतः झुंजा, मग विचारा. विचारताना काय करायचं होतं, काय झालं आणि काय करून पाहिलं या तीन गोष्टी लिहा. अर्ध्या वेळा लिहितानाच उत्तर सापडतं. एआयची मदत घ्या, पण जी ओळ समजावून सांगता येत नाही ती पाठवू नका. रात्री ती बिघडली तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

ग्राहक अमेरिकेत असेल तर वेळेचं गणित समजून घ्या. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे तिकडचं घड्याळ बदललं की तुमची साडेसातची मीटिंग साडेआठला सरकते आणि घरच्या जेवणाची वेळ बिघडते. घरी आधी सांगून ठेवा. आईला वाटतं की मुलगा घरीच आहे, मग दळण आणायला काय हरकत आहे? दाराला कागद लावून "मीटिंग: ७:३० ते ८:३०" असं लिहिलं, तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न सुटला.

आणि आपल्या सणांच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच टीमच्या कॅलेंडरवर टाका. रंगपंचमीला इंदूर बंद असतं, गेर या रंगांच्या मिरवणुकीत राजवाड्याकडे पाय ठेवायला जागा नसते, पण पुण्या-बेंगळुरूच्या सहकाऱ्यांना त्या दिवशी सुट्टी असते हे ठाऊकच नसतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, रस्ते पहाटेपर्यंत भरलेले असतात. त्या दिवशी नवी आवृत्ती चढवायची नाही, हा आमच्या टीमचा नियम आता लेखी आहे.

मंडळाची साइट मात्र त्या रात्री चालू हवी. विसर्जनाच्या मार्गात ऐनवेळी बदल झाला तर सचिव मला फोन करतात, आणि मी मिरवणुकीतच कडेला उभा राहून फोनवरून ती एक ओळ बदलतो.